सकाळी रुसणारा कॉम्प्युटर

प्रश्न : घरचा जुना डेस्कटॉप सकाळी सुरू करताना कधी विंडोज येण्याआधीच बंद पडतो, कधी निळा स्क्रीन येतो. दोन-तीनदा बटण दाबलं की दिवसभर ठीक. विंडोज नव्यानं टाकूनही फरक नाही. काय बदलावं? – एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : विंडोजला आता सोडा. थंड असताना अडणं आणि तापल्यावर चालणं हे बहुधा एसएमपीएसचं, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचं दुखणं. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) सुकत आले की थंडपणी सुरुवातीचा भार त्यांना पेलवत नाही.

तरी आधी फुकटातला उपाय. प्लग काढा, पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा. रॅम (मेमरीचं लांबट कार्ड) काढून तिची सोनेरी पट्टी मऊ खोडरबरानं पुसा, कण झटका, खटका लागेपर्यंत परत बसवा. दोन रॅम असतील तर एकेकीवर दोन दिवस चालवून पाहा. विंडोजमधल्याच ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ या रॅम तपासणीत चूक दिसली तर दोष बहुतेक रॅमचाच.

नाहीतर व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर घ्या. कॉम्प्युटर चालू असताना एसएमपीएसच्या पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. आकडे बरोबर आले म्हणून एसएमपीएस सुटला असं नाही; क्षणभराची घसरण मीटरला दिसत नाही. कुणाचा तरी चांगला एसएमपीएस मागून तीन-चार सकाळी लावून बघणं, ही खरी परीक्षा. जुना एसएमपीएस मात्र घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो.

कॉम्प्युटरचं घड्याळही मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य बोर्डवरचा) नाण्यासारखा सीआर २०३२ सेल बदला.