‘विश्वस्त ठरवतील’ म्हणजे नेमके किती जण?

एका वाचकांचा प्रश्न आहे. कुटुंबाच्या मिळकतीसाठी तयार होत असलेल्या न्यासपत्राच्या, म्हणजे ट्रस्टच्या दस्तऐवजाच्या, मराठी मसुद्यात एकाच व्यक्तीला कुठे ‘विश्वस्त’, कुठे ‘न्यासी’ आणि कुठे ‘कारभारी’ म्हटले आहे. हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे मानावेत का, आणि त्याच मसुद्यातले ‘विश्वस्त मिळकतीचे मालक राहतील व तिचा उपभोग घेतील’ हे वाक्य ठेवावे का, असे त्यांनी विचारले आहे.

‘विश्वस्त’ आणि ‘न्यासी’ हे एकाच पदाचे दोन शब्द आहेत. ‘कारभारी’ मात्र त्या पंक्तीत बसत नाही. वाक्याचा पूर्वार्ध कानाला खटकला तरी खरा आहे आणि उत्तरार्ध सरळ चुकीचा आहे.

‘न्यास’ हा शब्द ‘अस्’, म्हणजे टाकणे, या धातूला ‘नि’ उपसर्ग लागून झाला आहे. खाली ठेवणे, सोपवून ठेवणे हा त्याचा मूळ अर्थ. अंगन्यास, विन्यास आणि संन्यास हे त्याचेच भाऊबंद. जुन्या संस्कृत ग्रंथांत विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेल्या ठेवीला न्यास म्हणत. मात्र ठेव दुसऱ्याकडे गेली तरी तिची मालकी ठेवणाऱ्याकडेच राहते. आजच्या कायद्यातल्या न्यासात तसे नसते, तेथे मालकीच विश्वस्ताच्या नावावर चढते. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाने केलेल्या व्याख्येचा रोखही हाच आहे की न्यास म्हणजे मालकीला जोडून आलेले बंधन. म्हणून विश्वस्ताला मालक म्हणता येते, पण त्याची मालकी दुसऱ्याच्या हितासाठी बांधलेली असते. कारभाऱ्याकडे मालकी कधीच येत नाही. तो धन्याच्या वतीने काम पाहतो. विश्वस्ताने भाडेवसुलीसाठी किंवा दुरुस्तीसाठी कारभारी नेमायला हरकत नसते, परंतु कोणाला किती द्यायचे हे ठरवण्याचे काम त्याच्या गळ्यात टाकता येत नाही. दोन्ही पदांना एकच शब्द वापरला तर हा फरक कागदावरून पुसला जातो.

आता ‘उपभोग’. १७२६ साली इंग्लंडच्या न्यायालयात एक वाद आला होता. एका अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मुलासाठी एका बाजाराचा भाडेपट्टा विश्वस्ताकडे होता. मुदत संपताना विश्वस्ताने मुलाच्या नावे नूतनीकरण मागितले, जमीनमालकाने नकार दिला आणि मग विश्वस्ताने तो पट्टा स्वतःच्या नावे करून घेतला. मुलाला तो मिळणारच नव्हता, तेव्हा त्याचे काय नुकसान झाले, असे कोणालाही वाटेल. न्यायालयाने मात्र पट्टा आणि त्यातून झालेला नफा मुलाचाच ठरवला, कारण साऱ्या जगात तो पट्टा घेण्याची मोकळीक नसलेला माणूस असेल तर तो हा विश्वस्तच. भारतीय अधिनियमही न्यासाची मालमत्ता विश्वस्ताने स्वतःच्या फायद्यासाठी वापरू नये असे सांगतो. न्यासपत्रात तरतूद नसेल आणि तसे वेगळे ठरलेही नसेल, तर श्रमाचा मोबदलाही त्याला सहसा मागता येत नाही. ‘उपभोग’ ऐवजी ‘व्यवस्था’ हा साधा शब्द पुरतो.

मला अधिक काळजी वाटते ती क्रियापदांची. ‘विश्वस्त दरवर्षी हिशेब देतील’ हे कर्तव्य झाले, ‘देऊ शकतील’ ही मुभा झाली. मसुदे लिहिणारे भाषेत विविधता आणण्याच्या हौसेने ही रूपे अदलाबदलीने वापरतात, आणि हिशेबासारखी अटळ गोष्ट ऐच्छिक होऊन बसते. उलट, एखाद्याला शिक्षणासाठी जादा रक्कम द्यायची की नाही हे विश्वस्ताच्या विवेकावर सोडायचे असेल, तर तेथे ‘देऊ शकतील’ हेच हवे.

त्याहून बारीक अडचण वचनाची आहे. ‘विश्वस्त’ या शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन सारखेच असते, शिवाय आदरार्थी एकालाही आपण ‘ठरवतील’ म्हणतो. त्यामुळे ‘विश्वस्त ठरवतील’ या वाक्यातून एकाने ठरवायचे की सर्वांनी मिळून, हे कळत नाही. ‘विश्वस्तांनी ठरवावे’ असे लिहिल्यानेही सुटका होत नाही. न्यासपत्रात वेगळे सांगितले नसेल तर सहविश्वस्तांनी एकत्रच निर्णय घ्यावा, असा त्या अधिनियमाचा नियम आहे. तरी ‘सर्व विश्वस्त मिळून’ किंवा ‘विश्वस्तांपैकी कोणीही एक’ असे उघड लिहिणे बरे, कारण नियम माहीत नसलेला थोरला भाऊ आदरार्थी बहुवचन स्वतःकडे ओढून घेतो.

ज्याच्यासाठी न्यास केला, त्याला ‘लाभार्थी’ म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो चूक नाही. पण सरकारी योजनांमुळे त्या शब्दाला मेहेरबानीची छटा आली आहे, आणि न्यासात मिळते ती मेहेरबानी नव्हे. त्याला हिशेब मागता येतो, म्हणून ‘हिताधिकारी’ मला अधिक पटतो. त्यात ‘अधिकार’ आहे.

जाता जाता, स्त्री पदावर असली तरी ‘विश्वस्त’च लिहावे. ‘विश्वस्ता’ असे स्त्रीलिंगी रूप करण्याचा मोह काहींना होतो, पण अमरकोशात तो शब्द विधवेसाठी आला आहे.

मसुद्यातले वाक्य मी असे लिहीन: ‘मिळकत विश्वस्तांच्या नावे राहील, सर्व विश्वस्त मिळून तिची व्यवस्था केवळ हिताधिकाऱ्यांच्या हितासाठी पाहतील, आणि कोणताही विश्वस्त तिच्यातून स्वतःसाठी काहीही घेणार नाही.’