दोघांचे मिळून ४८ हजार येतात, तरी दहा तारखेनंतर हात रिकामे. कर्ज फेडायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की दोघांची मिळून कमाई ४८ हजार, डोक्यावर साडेचार लाखांचं देणं. त्यात क्रेडिट कार्ड आहे, बँकेचं वैयक्तिक कर्ज आहे आणि नातेवाइकांकडून हातउसने घेतलेले पैसे आहेत. दर महिन्याला वहीत बजेट मांडता, ते दहा तारखेला कोलमडतं आणि मग घरात भांडण. शेवटी विचारलंय की मोबाइलवरच्या एखाद्या अ‍ॅपवरून झटपट कर्ज घेऊन कार्ड एकदाचं मिटवावं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नका घेऊ. अशी बरीच कर्जं हातात येतानाच फी कापून येतात, मुदत काही आठवड्यांची असते आणि पहिलं फेडायला दुसरं घ्यावं लागतं. बाकीचं सविस्तर सांगते, कारण एप्रिल २०२२ ते मार्च २०२५ अशी तीन वर्षं मी आणि माझा नवरा याच वाटेने चाललोय.

आम्ही नाशिकला सिडकोत भाड्याने राहतो. नवरा अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला, मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर. तेव्हा त्याचे ३१,००० आणि माझे १४,५०० हातात यायचे. घरात सासूबाई आणि मुलगा. कर्ज चैनीपायी झालं नव्हतं. सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन, पाठोपाठ नणंदेचं लग्न आणि मग लॉकडाऊनमध्ये काही महिने अर्धा पगार. २०२० मध्ये बँकांनी सहा महिने हप्ते थांबवायची सवलत दिली तेव्हा आम्ही ती घेतली. हप्ते थांबले, व्याज थांबलं नाही. ते मुदलात जाऊन बसलं, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तुमच्यासारखीच आमचीही वही होती. मी लिहायचे, नवरा बघायचा नाही, आणि भांडण व्हायचं ते त्याच्या टपरीवरच्या चहावरून. दिवसाला वीस रुपये, महिन्याला पाचशे. मी त्या पाचशेंवरून त्याला किती बोलले असेन, आज आठवलं की वाईट वाटतं.

२०२२ चा पाडवा शनिवारी होता. त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा एकत्र बसून सगळं देणं एका कागदावर उतरवलं. कार्डाचे ९६,४००. बँकेच्या वैयक्तिक कर्जाचे २,१०,००० बाकी. पतसंस्थेचे १,२०,०००. टीव्ही आणि फ्रिजच्या हप्त्यांचे २२,०००. मामेसासऱ्यांकडून घेतलेले ७५,०००. वाण्याची उधारी ९,६००. बेरीज केली आणि नवरा गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "अजून एक आहे." कंपनीतल्या एकाकडून त्याने ४०,००० घेतले होते, शेकडा तीन रुपयांनी. म्हणजे महिन्याला १,२०० नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. वर्षभर तो ते ओव्हरटाइमच्या पैशांतून गुपचूप भरत होता.

मी चिडले. पण चिडता चिडता माझ्याही तोंडून निघून गेलं की मी बचत गटातून १५,००० घेतलेत, आईच्या डोळ्यांच्या उपचारासाठी, आणि त्याचे महिन्याला १,३०० माझ्या पगारातून जातात. वाटीतलं श्रीखंड तसंच राहिलं. पण कागदावरचा आकडा पूर्ण झाला: ५,८८,०००. त्या दिवसापर्यंत त्याच्या मनात एक आकडा होता, माझ्या मनात दुसरा, आणि दोन्ही चुकीचे होते. तुमचं बजेट टिकत नाही याचं पहिलं कारण कदाचित हेच असेल. कुणी तरी कुठे तरी एखादा हप्ता लपवून भरत असेल तर वहीतला हिशेब कधीच जुळणार नाही. तुम्ही आणि वहिनी एकदा असे बसा. त्या बैठकीत जे बाहेर येईल त्यावर त्या दिवशी भांडायचं नाही, एवढं आधी ठरवून घ्या.

आता व्याजाकडे या. प्रत्येक देण्यापुढे महिन्याला किती व्याज जातं ते लिहा. आमच्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के होता. ९६,४०० वर ३,३७४ रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६०७, म्हणजे ३,९८१. आम्ही दर महिन्याला किमान रक्कम म्हणून ४,८०० भरत होतो आणि वाटत होतं की कार्ड फिटतंय. प्रत्यक्षात मुद्दल कमी होत होतं जेमतेम ८०० रुपयांनी. वर त्याच कार्डावर पेट्रोल आणि किराणाही चालू होता. मागची बाकी असताना कार्डावर नवी खरेदी केली की त्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. हे अटींमध्ये लिहिलेलं असतं, पण मी ते तोवर वाचलं नव्हतं. कार्ड आणि ते शेकडा तीनचं देणं, दोन्ही मिळून महिन्याला पाच हजारांहून जास्त नुसत्या व्याजात जात होते. आणि आम्ही भांडत होतो पाचशेंच्या चहावर.

म्हणून आमचं पहिलं काम खर्च कापण्याचं नव्हतं. महागड्या व्याजाचं कर्ज स्वस्त व्याजावर नेणं हे पहिलं काम होतं. माझ्या पाटल्या होत्या, तीन तोळ्यांच्या. लग्नात आईने घातलेल्या. त्या मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत तारण ठेवल्या आणि वर्षाला साडेआठ टक्क्यांनी १,००,००० घेतले. सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देण्याची तेव्हा मर्यादा होती, त्यात ते बसलं. घरात दोन गाड्या होत्या, त्यातली माझी स्कूटर २८,००० ला विकली. त्यातून कंपनीतल्या माणसाचे ४०,००० त्याच आठवड्यात देऊन टाकले आणि उरलेले ८८,००० कार्डात भरले. आधी या दोन देण्यांचं व्याज महिन्याला ५,१८१ होतं, आता सोन्याच्या कर्जाचं सातशेच्या आसपास. एक रुपयाही जास्त न कमावता महिन्याचे साडेचार हजार वाचले.

पाटल्या काढून देताना रडू आलं, ते लपवत नाही. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. पण सोनं कपाटात आणि शेकडा तीनचं व्याज दारात, ही काही सांभाळण्यासारखी अब्रू नव्हती, असं माझं आजही ठाम मत आहे. फक्त एक जपा: सोनेतारण कर्जाची मुदत बहुधा वर्षाची असते, थकलं तर दागिन्यांचा लिलाव होतो. दर महिन्याला काही तरी भरता येणार असेल तरच त्या वाटेला जा. तुमच्याकडे सोनं नसेल तर मुदतठेव किंवा जुनी एलआयसी पॉलिसी आहे का बघा, त्यांवरही कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त कर्ज मिळतं. आणि तुमचंही एखादं देणं शेकड्याच्या हिशेबाचं असेल, तर एवढं माहीत असू द्या की महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी करणं हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. धमक्या येत असतील तर सहकार खात्याच्या तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

कार्डाचा हप्ता आणि ते शेकडा तीनचं व्याज मिळून दरमहा ६,००० मोकळे झाले. पहिले तीन महिने त्यातून कार्डाची उरलेली बाकी आणि वाण्याची उधारी मिटवली. कार्ड कात्रीने कापलं. जुलैपासून सोन्याच्या कर्जात ३,५०० जाऊ लागले.

दहा तारखेचं कोडंही तेव्हाच सुटलं. आम्ही दर महिन्याचा खर्च लिहायचो आणि वर्षातून एकदाच येणारा खर्च विसरायचो. जूनमध्ये शाळेची फी, मग गाडीचा विमा, मुदत विम्याचा हप्ता, दिवाळी, लग्नसराईतले आहेर. हे सगळं मांडलं तर वर्षाचे ४८,००० निघाले, म्हणजे महिन्याला ४,०००. यातला कुठला ना कुठला खर्च दर महिन्याला दारात उभा असायचा आणि बजेट तिथेच मोडायचं. मग आम्ही पोस्टात एक वेगळं बचत खातं उघडलं. पगार झाला की आधी ४,००० तिकडे टाकायचे. तुम्ही दुसरं काही केलं नाही तरी एवढं करून बघा.

राहिला घरखर्च. इथे फार गाळण्यासारखं नव्हतं. त्या मे महिन्यात गॅस सिलिंडर हजारावर गेला होता, तेल महाग होतं. तरी काही गोष्टींनी खरा फरक पडला. मोठ्या दुकानात ट्रॉली घेऊन फिरणं बंद केलं. तिथे स्वस्त मिळायचं, पण आम्ही जास्त उचलायचो. वाण्याकडे महिन्याची यादी द्यायची आणि रोख पैसे मोजायचे. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या वरच्या प्रत्येक युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो हे बिल नीट वाचल्यावर कळलं. मग जुन्या गिझरऐवजी गॅसवर पाणी तापवू लागलो आणि १४० युनिट नव्वदच्या घरात आले. ज्यांच्याकडे एकरकमी पैसे असतात त्यांना वर्षाचा गहू हंगामात स्वस्त पडतो. पहिल्या वर्षी आम्हाला ते जमलं नाही, दर महिन्याला दुकानातून पाच-पाच किलो आणला. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये दोन पोती भरली तेव्हा मला फार बरं वाटलं. माहेर येवल्याला, तिकडे मी एसटीनेच जाते. मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट अर्धं झालं, तेही मदतीला आलं.

दूध कमी केलं नाही. मुलाची चित्रकलेची शिकवणी बंद केली नाही. आणि दोघांना महिन्याला पाचशे-पाचशे, ज्याचा हिशेब दुसऱ्याने विचारायचा नाही. त्याचा चहा त्यात आला, माझा गजरा आणि भेळ त्यात आली. हा हजार रुपयांचा खर्च सगळ्यात आधी कापावासा वाटतो. कापू नका. आमची भांडणं थांबली ती या हजारामुळे.

नातेवाइकांचं सांगते, कारण तुम्हीही हातउसने घेतलेत. मामांना भेटायला लागू नये म्हणून आम्ही दोन लग्नं चुकवली होती. शेवटी एका रविवारी दोघं त्यांच्या घरी गेलो, तो कागद सोबत नेला आणि नवरा म्हणाला, "मामा, तुमचे पैसे बुडवणार नाही. पण व्याजाची कर्जं आधी फेडतो. तुमच्यापाशी यायला दीड-दोन वर्षं लागतील." मामा कागद बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, मला वाटलं होतं तू तोंड चुकवतोयस. तारीख सांगितलीस ना, बास." मामींनी पोहे केले. त्या दिवसानंतर आहेर किती घालायचा याचंही ओझं गेलं. घरच्यांना परिस्थिती ठाऊक झाली होती, त्यामुळे लग्नाला जायचो, हातात एकच नारळ आणि शंभर रुपये द्यायचो आणि पोटभर जेवून यायचो.

पतसंस्थेच्या हप्त्याबाबत मात्र एक दिवस इकडेतिकडे होऊ दिला नाही. जामीनदार नवऱ्याचा मित्र होता. आपला हप्ता थकला तर नोटीस त्याच्या घरी जाते. तुमच्या कर्जालाही कुणी जामीन असेल तर व्याज कमी असलं तरी त्या कर्जाला आधी जागा द्या.

बँकेचे लोक "अर्धे भरा, सेटलमेंट करून टाकू" म्हणतील. अगदीच गळ्याशी आल्याशिवाय ते करू नका, सिबिलच्या, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात कर्ज पूर्ण फेडल्याची नोंद येत नाही, सेटल केल्याची येते आणि पुढच्या कर्जाला ती आडवी येते. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हे वहिनींनाही सांगून ठेवा. हे फोन बऱ्याचदा घरातल्या बाईलाच घ्यावे लागतात.

डिसेंबरमध्ये टीव्ही-फ्रिजचे हप्ते संपले, ते पैसे सोन्याकडे वळवले. त्याआधी दिवाळीचा बोनसही तिकडेच गेला होता. पुढच्या वर्षीच्या धनत्रयोदशीआधी पाटल्या घरी आल्या. मग मामांचे ७५,००० सुरू केले, ते २०२४ च्या गणपतीपर्यंत फिटले. पतसंस्था आणि बँकेचे शेवटचे हप्ते मार्च २०२५ मध्ये गेले.

आता तुमच्याबद्दल. साडेचार लाखांत कार्डाचे किती, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कार्डाचं शेवटचं स्टेटमेंट काढा, त्यात व्याज आणि जीएसटी मिळून किती लागलेत तो आकडा बघा आणि वहिनींना दाखवा. तो आकडा आणि हातउसन्या पैशांची रक्कम इथे कळवलीत तर कुठलं देणं आधी घ्यायचं ते मी तुमच्यासोबत बसून मांडून देईन.