प्रमाणपत्र एकच, उपयोग वेगळा

प्रश्न : मी सहा वर्षे लेखाविभागात नोकरी करतो. माझी धाकटी बहीण पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठाचा डेटा विश्लेषणाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम दोघांनीही करावा असा विचार आहे. दोघांनाही सारखाच लाभ होईल का?

उत्तर : नाही. बहिणीच्या दृष्टीने कळीचा मुद्दा श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा, म्हणजे पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या अभ्यासाच्या एककांचा) आहे. अभ्यासक्रम श्रेयांकांचा असेल आणि तिचे विद्यापीठ ते पदवीत धरणार असेल, तरच तिचा वेळ दुहेरी कामी येईल. तेव्हा ही हमी तिने प्रवेशापूर्वी लेखी घ्यावी. केवळ उपस्थितीवर मिळणारे प्रमाणपत्र आणि परीक्षा देऊन मिळवलेले प्रमाणपत्र कागदावर पुष्कळदा सारखेच देखणे दिसतात, म्हणून माहितीपत्रकातील मूल्यमापनाचा भाग आधी वाचावा.

आपली अडचण वेळेची असेल. उदाहरणार्थ, युरोपीय श्रेयांक पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे व्याख्याने, स्वाध्याय व परीक्षा धरून २५ ते ३० तासांचे काम. म्हणजे १० श्रेयांकांसाठी किमान २५० तास, आणि आठवड्याला ८ तास दिले तरी साधारण ३१ आठवडे. (जाहिरातीत बहुधा व्याख्यानांचेच तास ठळक छापलेले असतात.) प्रकल्पासाठी मात्र तयार नमुना घेऊ नका. कार्यालयाची परवानगी काढून, ग्राहकांची नावे वगळून, थकीत बिलांच्या नोंदी घ्या आणि कोणती बिले कोणत्या महिन्यात अडकतात ते शोधा. मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा त्याविषयीच अधिक विचारले जाईल.