गावात सीडी लायब्ररी काढावी का?

वाचकांचे प्रश्न : छोटे व्यवसाय

प्रश्न : मोहोळ तालुक्यातील एका बाजाराच्या गावी माझे झेरॉक्स आणि मोबाईल रिचार्जचे दुकान आहे. सोलापूर शहरातील एक जुनी सीडी लायब्ररी बंद होत असून तिचे मालक सुमारे १,२०० डीव्हीडी आणि व्हीसीडी मला ६०,००० रुपयांना देण्यास तयार आहेत. शेजारचा गाळा घेऊन, ३०० रुपये अनामत आणि दिवसाला २० रुपये भाडे या दराने चित्रपट घरी नेण्यास द्यावेत, असा माझा विचार आहे. गावात चित्रपटगृह नाही, वस्त्यांवर इंटरनेट धड चालत नाही आणि जुन्या चित्रपटांची आवड असलेली माणसे पुष्कळ आहेत. यासाठी मुद्रा योजनेतून ५०,००० रुपयांचे कर्ज काढावे का? परवाने कोणते लागतील?
— एक वाचक, मोहोळ तालुका

उत्तर : कर्ज काढू नका आणि इसार देण्याचीही घाई करू नका. आपली कल्पना मला मनापासून आवडली. ज्या गावात चित्रपटगृह नाही तिथे चांगला चित्रपट घरोघरी पोहोचावा, ही इच्छा मोलाची आहे. पण आज या धंद्यात दोन अडचणी आहेत, एक कायद्याची आणि दुसरी हिशोबाची, आणि त्या पैसे देण्यापूर्वीच समजून घ्यायला हव्यात.

डीव्हीडी विकत घेतली की ती तबकडी आपली होते. ती भाड्याने देण्याचा हक्क मात्र आपला होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम १४ नुसार चित्रपटाची प्रत विकण्याचा किंवा व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क चित्रपटाच्या हक्कधारकाकडे असतो. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात लायब्ररीच्या चालकाने परदेशातून रीतसर विकत घेतलेल्या अस्सल डीव्हीडी भाड्याने दिल्या होत्या. तरीही हक्कधारकाची परवानगी नसल्याने न्यायालयाने त्याला मनाई केली. पुढे २०१२ च्या दुरुस्तीत शब्दरचना बदलली, पण व्यावसायिक भाड्यासाठी परवानगी हवी ही गोष्ट कायम राहिली. हक्काचे उल्लंघन जाणूनबुजून केल्यास कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘आजवर कोणी काही म्हटले नाही’ या भरवशावर दुकान मांडणे धोक्याचे आहे.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा, की कोणत्या चित्रपटांसाठी कोणत्या कंपनीचे भाडेहक्काचे पत्र त्यांच्याकडे आहे. पत्र असले तरी ते त्यांच्या नावावर असणार, आणि तबकड्या आपल्याला विकल्या म्हणून ते आपोआप आपल्या नावावर होणार नाही. आपल्याला नवे पत्र घ्यावे लागेल. त्यात चित्रपटांची नावे, ‘व्यावसायिक भाडेतत्त्वावर’ हे शब्द, तालुका किंवा जिल्हा, आणि मुदत हे सारे लिहिलेले असावे. निर्मात्याने व्हिडिओचे हक्क पुष्कळदा वेगळ्याच कंपनीला विकलेले असतात; म्हणून वेष्टनावर हक्कधारक म्हणून ज्याचे नाव-पत्ता आहे, त्याच्यापासून चौकशीला सुरुवात करा. कलम ५२-अ प्रमाणे हे नाव-पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत वेष्टनावर असणे बंधनकारकच आहे. ज्या डब्यांवर ते नाही, ते गठ्ठ्यातून आधीच बाजूला काढा.

आणखी एक साधी तपासणी आहे. विक्रेत्याला निवड करू न देता आपल्या हाताने कुठूनही पन्नासेक तबकड्या उचला आणि उजेडात उलट बाजूने पाहा. कारखान्यात छापलेली डीव्हीडी चंदेरी दिसते. संगणकावर घरी उतरवलेल्या तबकडीवर बहुधा जांभळट, निळसर किंवा हिरवट झाक असते. छापील बनावट प्रतीही बाजारात असतात, त्यामुळे चंदेरी म्हणजे अस्सल असे समजू नका, पण जांभळट तबकडी मात्र नक्की नाकारा. व्हीसीडीवर साधारण ७४ ते ८० मिनिटांचेच चित्र मावते, म्हणून एका चित्रपटाच्या दोन किंवा तीन तबकड्या असतात आणि जुन्या लायब्ररीत त्यातली एखादी हरवलेली असते. त्यामुळे १,२०० तबकड्या म्हणजे १,२०० चित्रपट नव्हेत. मोजणी चित्रपटांची करा आणि किंमत त्यावर ठरवा.

आता हिशोब. आपण अंदाज दिलेला नाही, म्हणून मी उदाहरणादाखल धरतो. रोज २० चित्रपट बाहेर गेले आणि महिन्यात २६ दिवस दुकान चालले, तर २० रुपयांप्रमाणे १०,४०० रुपये येतील. गाळ्याचे भाडे ३,५००, वीज ७००, खराब तबकड्यांची भरपाई १,०००, सोलापूरच्या खेपा ६०० आणि कर्जाचा हप्ता सुमारे १,६५० धरला, तर हातात ३,००० रुपयेही उरत नाहीत. त्यात आपली मजुरी नाही आणि हक्कधारकाला द्यायचे पैसेही नाहीत. रोजचे २० चित्रपट १० वर आले, तर खर्च खिशातून भरावा लागेल.

आणि २० हा आकडा आज गाठणे मला कठीण दिसते. एके काळी आपल्या भागात रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणून, वर्गणी काढून, अंगणात पहाटेपर्यंत तीन-तीन चित्रपट पाहिले जात. त्या काळी प्रत महाग होती, यंत्र महाग होते, म्हणून भाड्याला अर्थ होता. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हाच भाड्याच्या लायब्ऱ्यांचा पाया हलला. विकतची प्रत दोन-तीन दिवसांच्या भाड्यात मिळू लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि स्वस्त डेटामुळे उरलेले गिऱ्हाईक मोबाईलकडे गेले. मोझर बेअर स्वतःही २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात (म्हणजे मालमत्ता विकून बंद होण्याच्या वाटेवर) गेली. अमेरिकेत १९९८ पासून टपालाने डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या नेटफ्लिक्सने ती सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

वस्त्यांवर इंटरनेट चालत नाही हे आपले निरीक्षण खरे असेल, पण चित्रपट पाहायला तिथे डीव्हीडी प्लेअर तरी हवा. गावातील आणि वस्त्यांवरील पन्नास घरांत जाऊन ‘प्लेअर आहे का’ एवढेच विचारू नका. तो लावून दाखवायला सांगा. माळ्यावर पडलेले आणि लेन्स गेलेले यंत्र गिऱ्हाईक आणत नाही. पन्नासांपैकी पंधरा घरांतही चालू यंत्र मिळाले नाही, तर हा विचार तिथेच सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही एक वाट खुली आहे आणि ती मला भाड्याच्या दुकानापेक्षा चांगली वाटते. २०१२ च्या दुरुस्तीत ‘व्यावसायिक भाडे’ या संज्ञेची व्याख्या करताना, ना-नफा ग्रंथालयाने किंवा शैक्षणिक संस्थेने कायदेशीररीत्या मिळवलेली चित्रपटाची प्रत नफ्याच्या हेतूविना वाचकाला देणे हे त्यातून वगळले आहे. शासनाचे अनुदान मिळणारे ग्रंथालय या सवलतीत बसते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा, १९६७ खाली मान्यता घेऊन परिरक्षण अनुदान मिळवणारी अ, ब, क आणि ड वर्गाची वाचनालये सोलापूर जिल्ह्यात गावोगावी आहेत. आपल्या गावात किंवा शेजारी असे वाचनालय असेल, तर त्याच्या कार्यकारिणीला भेटा, गठ्ठ्यातील अस्सल, वेष्टनासह असलेले दोन-तीनशे निवडक चित्रपट वाचनालयाला घेऊ द्या आणि त्यांची मांडणी आपण करून द्या. आपली आवड त्यात जपली जाईल आणि गावाला चित्रपट मिळतील. उत्पन्न मात्र त्यातून मिळणार नाही, कारण ते मिळवायला गेले की सवलत संपते.

उत्पन्नासाठी आपल्या दुकानात, त्याच गाळ्यात, एक वेगळे काम सुरू करता येईल. आपल्या भागातील कितीतरी घरांत लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या व्हीएचएस कॅसेट कपाटात पडून आहेत आणि त्यांना बुरशी लागत चालली आहे. त्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हवर देण्याचे काम घ्या. पैसे देऊन करवून घेतलेल्या शूटिंगचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, शूटिंग करवून घेणारा असतो, अशी कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये तरतूद आहे. त्यामुळे गिऱ्हाईकाने आपल्या घरच्या लग्नाची कॅसेट आणली तर हक्काची अडचण येत नाही. यासाठी चालू व्हीसीआर, कॅसेटचे चित्र संगणकात घेणारे एक कॅप्चर कार्ड आणि पुरेशी जागा असलेली हार्ड डिस्क लागते. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणून यंत्र जुन्या बाजारातूनच घ्यावे लागेल, आणि शक्य असल्यास दोन घ्या, म्हणजे एकाचे सुटे भाग दुसऱ्याला उपयोगी पडतील. बुरशी लागलेली कॅसेट साफ केल्याशिवाय यंत्रात घालू नका. बुरशी यंत्राच्या हेडला, म्हणजे कॅसेट वाचणाऱ्या भागाला, लागली की पुढची प्रत्येक कॅसेट बिघडते. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात, तेव्हा दर ठरवताना वेळ धरा. कामाचा ओघ दिसला तरच कर्जाचा विचार करा. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते, ती या कामाला पुरेल.

परवान्यांचे थोडक्यात सांगतो. मोजकी माणसे असलेल्या दुकानाला शॉप ॲक्टखाली ऑनलाइन सूचना देणे पुरते, उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, सेवेचे वार्षिक उत्पन्न २० लाखांच्या आत असेल तर सामान्यतः जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नावाची पाटी मराठी देवनागरीत असली पाहिजे. यांपैकी एकही कागद हक्कधारकाच्या पत्राची जागा घेत नाही.

प्रश्न : आमच्याकडे मोबाईल दुकानांत मेमरी कार्डवर दहा-वीस रुपयांत कन्नड, तेलुगू, हिंदी, मराठी कुठलाही चित्रपट भरून मिळतो. सगळेच करतात. मीही ते काम सुरू केले तर काय हरकत आहे?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : हरकत मोठी आहे. भाड्याने देण्यात निदान अस्सल तबकडी असते. येथे प्रत्येक गिऱ्हाईकामागे नवी चोरटी प्रत तयार होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६४ नुसार पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरील अधिकारी वॉरंटविना प्रती आणि त्या बनवण्याचे साधन जप्त करू शकतो, म्हणजे आपला संगणकही जाईल. शिवाय झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींच्या विघातक कृत्यांना आळा घालण्यासाठी केलेल्या १९८१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात पुढे व्हिडिओ पायरेट्सचाही समावेश झाला आहे आणि त्याखाली एक वर्षापर्यंत स्थानबद्धता होऊ शकते. हे काम सुरू करू नका.

आपल्या प्रश्नात एक चांगली गोष्ट दडलेली आहे, ती म्हणजे कन्नड आणि तेलुगू चित्रपटांची मागणी. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड, तर शहराच्या पूर्व भागात तेलुगू घराघरांत बोलली जाते. गिऱ्हाईकाच्या फोनवर अधिकृत ॲप सुरू करून देणे, रिचार्ज मारणे, टीव्हीला फोन जोडून देणे, हक्कधारकांनी स्वतः यूट्यूबवर विनामूल्य ठेवलेले चित्रपट शोधून देणे, या सेवेचे वीस-तीस रुपये वयस्क मंडळी आनंदाने देतात आणि त्यात कोणाचा हक्क बुडत नाही.

प्रश्न : आमच्या क वर्ग वाचनालयाला एका सभासदाने सुमारे १५० मराठी चित्रपट आणि नाटकांच्या अस्सल डीव्हीडी भेट दिल्या आहेत. त्या सभासदांना द्याव्यात कशा? दर शनिवारी सभागृहात एखादा चित्रपट दाखवला तर चालेल का?
— ग्रंथालयाचे कार्यवाह, माढा तालुका

उत्तर : सभागृहात दाखवू नका. वर सांगितलेली सवलत प्रत घरी देण्यापुरती आहे. सार्वजनिक प्रदर्शन हा वेगळा हक्क आहे आणि तिकीट नसले तरी त्याला हक्कधारकाची परवानगी लागते. शाळेला मात्र आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढ्यांपुरता चित्रपट दाखवता येतो. तेव्हा शनिवारचा खेळ गावातील शाळेने तिच्या आवारात घ्यावा आणि आपण प्रत द्यावी.

देवघेवीसाठी प्रत्येक डीव्हीडीला दाखल क्रमांक देऊन ग्रंथांप्रमाणेच नोंदवहीत चढवा आणि दात्याचे भेटपत्र जोडून ठेवा. प्रत कायदेशीर मार्गाने आल्याचा तोच पुरावा आहे. चित्रपटामागे वेगळे भाडे आकारू नका. नेहमीची वर्गणी आणि अनामत पुरेशी आहे, आणि अनुदानातून नव्या डीव्हीडी घ्यायच्या असतील तर आधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना लेखी विचारा. ‘ए’ प्रमाणपत्राचे चित्रपट बालविभागापासून वेगळ्या कपाटात ठेवा.

मांडणीवर फक्त रिकामी वेष्टने ठेवा आणि तबकड्या क्रमांकाने टेबलामागे, उभ्या, उन्हापासून दूर ठेवा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत त्या वाकतात. पुसताना मऊ सुती कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका, कारण गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेवरच पडतो. क्रमांक तबकडीवर बॉलपेनने लिहू नका. मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मार्करने लिहा. परत आलेली प्रत सभासदासमोरच उघडून पाहा आणि आत दुसरीच तबकडी नाही ना, याची खात्री करूनच नोंद पूर्ण करा.