बांधावरचा निळा काटेचेंडू: विकावा, औषधाला वापरावा की उपटावा?

प्रश्न : माझ्या मुरमाड पडीक रानात गुडघ्याएवढं काटेरी झाड फार माजलं आहे. टोकाला निळसर-पांढरे गोल चेंडू येतात. मोबाईलवर एका व्हिडिओत हा 'ऊंटकटारा' आहे आणि यापासून लिव्हरचं महागडं औषध होतं, असं सांगितलं. गावात एक जण बियाणं विकायलाही येऊन गेला. आई खोकल्यावर याच्याच मुळीची पूड मधातून घेते. लागवड करावी का? जनावरांच्या जखमेवर चालतं का?

उत्तर : आपण पाठवलेल्या फोटोतलं झाड उटकटारीच आहे. कुठे काटेचेंडू म्हणतात, कुठे उंटकटारा, संस्कृतात उष्ट्रकंटक. शास्त्रीय नाव एकिनॉप्स एकिनॅटस. करडईच्याच भावकीतलं हे झाड. पान उलटून पाहा, खालची बाजू कापसासारख्या पांढऱ्या लवेने भरलेली दिसेल. ज्याला आपण एक फूल समजतो तो चेंडू म्हणजे बारीक फुलांचा जमाव असतो आणि त्यातून लांब काटे बाहेर आलेले असतात. शेळ्यासुद्धा त्याला बगल देऊन जातात. उंट मात्र खातो, म्हणून ते नाव.

आता व्हिडिओतल्या लिव्हरच्या औषधाचं. ते झाड वेगळं आहे, त्याला मिल्क थिसल म्हणतात (सिलिबम मॅरिएनम). मूळचं भूमध्य समुद्राकाठचं. त्याच्या पानांवर दूध सांडल्यासारखे पांढरे पट्टे असतात आणि फांदीच्या टोकाला एकच मोठं जांभळं बोंड येतं. लिव्हरच्या औषधातला सिलीमरिन नावाचा घटक त्याच्या बियांत असतो; तो आपल्या उटकटारीच्या मुळीत शोधायला जाऊ नका. व्हिडिओवाल्यांनी दोन झाडांना एकच नाव दिलं आणि घोटाळा तिथेच झाला.

लागवडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : खरेदीदाराची लेखी हमी हातात नसेल तर एक गुंठासुद्धा पेरू नका. औषधी वनस्पतींच्या नावाने आधी महाग बियाणं विकायचं आणि माल तयार झाला की फोन बंद ठेवायचा, हा धंदा आपल्या भागात नवा नाही. सफेद मुसळीच्या वेळी पोळलेली माणसं अजून गावोगाव भेटतात. बियाणं विकणाऱ्याला एवढंच विचारा, "माल कोण घेणार, कोणत्या भावाने, आणि ते कागदावर देता का?" बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं.

आईंच्या खोकल्याचं. उटकटारीची मुळी खोकल्याला, भूक लागायला आणि लघवी साफ व्हायला देण्याची पद्धत जुनी आहे, वैद्यांनाही ती माहीत आहे. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण मी शेतीचा माणूस आहे, मात्रा सांगणं माझं काम नव्हे. मुळी एखाद्या वैद्यांना दाखवून घ्या. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर पूड बाजूला ठेवून सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, क्षयाची तपासणी तिथे मोफत होते. साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या या पुडीच्या भरवशावर बंद करू नका. आणि गरोदर बाईला ही मुळी पोटात देऊ नका. सुखरूप बाळंतपणासाठी मुळी केसांना किंवा कमरेला बांधण्याची रीत काही ठिकाणी आहे. बांधल्याने काही बिघडत नाही, पण त्यापायी दवाखान्यात जायला उशीर झाला तर बिघडतं.

गुरांच्या जखमेत किडे पडले की मुळीची पूड भरायची, ही पद्धतही जुनीच. पण जखम खोल असेल, विशेषतः शिंगाच्या बुडाशी किंवा खुरात, तर नुसत्या पुडीने आतले किडे निघत नाहीत. वरून खपली धरते आणि आत जखम सडत राहते. पशुवैद्यकांकडून एकदा किडे नीट काढून घ्या, रोज जखम धुऊन मलमपट्टी करा आणि माशी बसू देऊ नका.

याच प्रश्नाच्या निमित्ताने दुसऱ्या एका शेतकऱ्याने 'उटकटारी' म्हणून गोणीत भरून जे झाड आणलं, ते पिवळा धोत्रा निघालं! पानं काटेरी, त्यावर पांढरट रेघा, म्हणून गल्लत झाली. खूण सोपी आहे : देठ मोडा, पिवळा चीक आला तर पिवळा धोत्रा. फूलही पिवळंधमक असतं. या झाडाशी खेळू नका. त्याचं काळं बारीक बी मोहरीसारखंच दिसतं आणि तेलात गेलं तर अंगावर सूज येते, हृदयावर ताण येतो. 1998 साली दिल्लीत अशा भेसळीच्या मोहरी तेलाने 60हून अधिक माणसं दगावली. मोहरी किंवा जवसात हे तण दिसलं तर बोंडं तडकायच्या आत उपटा. मळणीनंतर ते बी वेगळं करणं फार जिकिरीचं असतं.

उटकटारीची एवढी धास्ती नको. पेरणीच्या रानात असेल तर फुलावर यायच्या आत कुदळीने मुळासकट खणून काढा. नुसती कापली तर बुडातून पुन्हा फुटते. हातात जाड मोजे हवेत. शेजारी द्राक्षबाग किंवा कपाशी असेल तर टू-फोर-डी हे तणनाशक मारायचा मोह टाळा. वाऱ्याने उडालेल्या फवाऱ्याने शेजाऱ्याची पानं आखडतील आणि भांडण बांधावर येईल. पडीक कोपऱ्यातली चार झाडं राहू दिली तरी चालतील, फुलावर मधमाश्या असतात. वनखात्याच्या हद्दीतली मुळं मात्र परवानगीशिवाय खणू नका.

यापुढे झाड ओळखून हवं असेल तर नुसत्या फुलाचा फोटो पाठवू नका. पान दोन्ही बाजूंनी, देठ मोडलेला आणि मूळ, असे फोटो काढा. शक्य असेल तर अख्खं झाड वर्तमानपत्रात दाबून बाजाराच्या दिवशी कार्यालयात आणा.