धुळ्याहून सहा जण, त्यांपैकी चौघे नवखे: गुलमर्गला स्नोमोबाइलचा पहिला दिवस कसा आखावा?

पहिला पूर्ण दिवस सपाट, दाबून टणक केलेल्या बर्फावर, स्थानिक वाटाड्यासोबत आणि सर्वांत नवख्या चालकाच्या वेगाने घालवावा. चढ दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. धुळे-साक्री रस्त्यावर मोटरसायकल चालवून अंगवळणी पडलेल्या सवयीच येथे आड येतात: स्नोमोबाइलचा वेग मूठ पिळून नव्हे, तर उजव्या मुठीजवळचा खटका अंगठ्याने दाबून वाढतो, ब्रेक डाव्या हाताला असतो, आणि गाडी कलली म्हणून पाय टेकवला तर दोनेकशे किलोंच्या धुडाखाली तोच पाय सापडतो. शिवाय गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, म्हणजे आपल्या तोरणमाळच्या दुपटीहून उंच आहे. तेथे पोहोचल्याच दिवशी दमछाक होणे स्वाभाविक आहे.

दुसऱ्या दिवशी हिमस्खलन प्रशिक्षणात शिकवला जाणारा नियम कसोशीने पाळावा: उतारावर एका वेळी एकच गाडी, बाकीच्यांनी बाजूला, उताराच्या पायथ्याशी नव्हे, थांबावे, आणि कोणी वर अडकला तरी मदतीसाठी दुसरी गाडी त्याच उतारावर घालू नये. (नवखे नेमके येथेच धावून जातात.) ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वाधिक धोक्याचे असल्याने नवख्यांनी ते, आणि त्यांच्या पायथ्याची जागाही, टाळावी.

मात्र रात्रीतून जोरदार बर्फ पडला असेल, तर हा क्रम बाजूला ठेवून दुसरा दिवसही सपाटीवरच काढावा.