न्यूरोपॅथॉलॉजीची फेलोशिप करू का? सीनियर नको म्हणतात

प्रश्न : मॅडम, माझी पॅथॉलॉजीची रेसिडेन्सी संपत आलीये. मेंदूच्या स्लाइड्स पहिल्यापासून आवडतात म्हणून न्यूरोपॅथॉलॉजीची, म्हणजे मेंदू, नसा आणि स्नायूंचे तुकडे तपासून निदान करायची, फेलोशिप डोक्यात आहे. पण सीनियर म्हणतात की आता सगळं मॉलिक्युलरवर, म्हणजे जनुकांच्या टेस्टवर गेलंय, स्लाइड बघणारा माणूस लागणारच नाही, कशाला वर्षं घालवतेस. खरंय का हे? आणि जागा निवडताना काय बघू?

उत्तर : सीनियर अर्धं बरोबर बोलतायत. डब्ल्यूएचओने २०१६ मध्ये मेंदूच्या गाठींच्या वर्गीकरणात जनुकं आणली आणि २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत तर चित्रच पालटलं. आता प्रौढ माणसाचा एखादा ग्लायोमा (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींची गाठ) मायक्रोस्कोपखाली अगदी गरीब दिसतो, नेक्रोसिस (मेलेला भाग) नाही, मायटोसिस (पेशींचं विभाजन) शोधून सापडत नाही, पण आयडीएच या जनुकात म्युटेशन नसेल आणि टर्ट या जनुकाचा प्रमोटर (त्याला चालू-बंद करणारा भाग) बदललेला निघाला तर रिपोर्टवर ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४, म्हणजे सगळ्यात घातक दर्जा, लिहावं लागतं. नुसत्या डोळ्यांनी हे कळणार नाही, मान्य. पण टेस्टला कुठला तुकडा पाठवायचा, त्यात गाठ आहे की नुसता कडेचा सुजलेला मेंदू, आणि मेथिलेशनचा (डीएनएवरच्या रासायनिक खुणांवरून गाठ ओळखणाऱ्या टेस्टचा) स्कोअर कमी आला तर त्याचा अर्थ काय लावायचा, हे कोण सांगणार? मशीनला जे घालाल त्याचंच ते उत्तर देतं.

आणि ऑपरेशन चालू असतानाचं काय? सर्जन थांबलेला, तुमच्या हातात टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा. मेंदूत पाणी फार, त्यामुळे फ्रोझन केलं, म्हणजे तुकडा गोठवून कापला की बर्फाच्या कणांनी भोकं पडतात आणि सगळंच विचित्र दिसायला लागतं. म्हणून आम्ही स्मिअरही करतो, दोन स्लाइड्समध्ये तुकडा दाबायचा, ओढायचा, लगेच अल्कोहोलमध्ये. फेलोशिपच्या पहिल्या वर्षी मी एका स्मिअरवर जवळजवळ हाय ग्रेड ग्लायोमा म्हणून मोकळी झाले होते. सरांनी एवढंच विचारलं, "एमआरआय बघितलास?" नव्हता बघितला. बघितला तर कडेचं एन्हान्समेंट (कॉन्ट्रास्ट दिल्यावर उजळणारी कड) अर्धवट, रिंग एका बाजूने उघडी. परत स्मिअर लावला तर ज्यांना मी ट्यूमर सेल्स समजत होते ते फेसाळ मॅक्रोफेज (कचरा खाणाऱ्या पेशी) होते, म्हणजे डिमायलिनेशन, नसांच्या तंतूंवरचं आवरण झडण्याचा आजार, गाठ नव्हेच. तो पेशंट रेडिएशनला गेला असता हो! तेव्हापासून स्कॅन बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. तसंच बायोप्सीआधी स्टिरॉइड दिलंय का हेही विचारायचं, कारण लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) असेल तर स्टिरॉइडने तो विरघळून जातो आणि तुम्ही रिकामी स्लाइड बघत बसता. असल्या गोष्टी पुस्तकात असतातच, पण अंगवळणी पडतात त्या दोघांना एकाच वेळी बघता येणाऱ्या डबल-हेडेड मायक्रोस्कोपवर कोणाच्या तरी समोर बसून चुकल्यावरच.

जागा निवडताना ट्यूमरच्या आकड्याला भुलू नका, ट्यूमर सगळीकडे मिळतात. ऑटॉप्सीचे मेंदू किती येतात ते विचारा. पूर्ण मेंदू फॉर्मॅलिनमध्ये साधारण दोन आठवडे ठेवायचा, तोही बुडाच्या बेसिलर आर्टरी या रक्तवाहिनीखालून दोरा घालून उलटा टांगून, नाहीतर बुडाशी टेकून चपटा होतो, आणि मग कापायचा. तो तुम्ही स्वतः कापणार की लांबून बघणार? अल्झायमरमध्ये टाऊ हे प्रोटीन मेंदूत कुठून कुठे पसरतं त्याच्या ब्राक स्टेजेस १९९१ पासून वापरात आहेत, पण स्वतः ब्लॉक (तपासायचे तुकडे) घेतल्याशिवाय त्या डोक्यात बसत नाहीत. ब्रेन बँक (संशोधनासाठी दान केलेले मेंदू जपणारी जागा) जोडलेली असेल तर डोळे झाकून अर्ज करा.

मसल आणि नर्व्ह बायोप्सी तिथेच होतात का हेही विचारा. मसलचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की एन्झाइमचे स्टेन (निदानाला लागणारे रंग) गेलेच, तो लिक्विड नायट्रोजनने गार केलेल्या आयसोपेन्टेन या द्रवात गोठवावा लागतो, आणि पाठवणाऱ्याला हे फोनवर समजावून सांगायचं काम फेलोच्याच गळ्यात पडतं.

प्रश्न : फेलोशिप सगळीकडे दोनच वर्षांची असते का?

उत्तर : नाही. अमेरिकेत पॅथॉलॉजीनंतर दोन वर्षं, किंवा अॅनाटॉमिक पॅथॉलॉजी आणि न्यूरोपॅथॉलॉजी मिळून चार वर्षांचा एकत्र मार्ग. ब्रिटन आणि जर्मनीत ही स्वतंत्र स्पेशालिटीच आहे, तिथे तुम्ही म्हणताय तशी फेलोशिप शोधत बसाल तर गोंधळ होईल. त्यामुळे नुसता फेलोशिप हा शब्द बघून फॉर्म भरू नका, संपल्यावर हातात काय पडणार, बोर्डाची परीक्षा देता येणार की नुसतं सर्टिफिकेट, हे आधी लेखी विचारून घ्या.